झाडू लागला होता का

काकांनी पहिल्या भेटीत मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "जिना उतरताना कठडा धरतेस का?"

मी खोली बघायला गेले होते. ईस्ट कोस्टला, जुन्या कॉन्डोत, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. सिंगापूरला नुकतीच आले होते आणि घरमालक काय काय विचारतात ते ऑफिसातल्या मैत्रिणींनी माझ्याकडून घोटून घेतलं होतं. पगार किती, कामाचा पास कुठला, स्वयंपाक करणार का, घरी कोण येणार-जाणार. कठड्याचं कुणीच बोललं नव्हतं. मी गोंधळून म्हटलं, "मी लिफ्टने आले."

"लिफ्ट बंद पडली तर?"

"मग धरीन."

"म्हणजे एरवी धरत नाहीस."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला आधी पाणी तरी विचारा." आणि खोली मला मिळाली. का मिळाली ते कळलं नाही. त्या घरात मी राहिले तोवर बहुतेक गोष्टी अशाच झाल्या. होऊन गेल्या, पण का ते कळलं नाही. आता मी तिथे राहत नाही. जरा लांबून पाहिलं की माणूस नीट दिसतो म्हणतात, म्हणून लिहायला बसले, तर अजूनही काही नीट दिसत नाहीये.

काका जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर होते. सगळी नोकरी त्यांनी कंपनीच्या बसने, गळ्यात पास घालून केली. निवृत्त झाले तेव्हा पास परत करावा लागला, पण पासाची निळी पट्टी त्यांनी ठेवून घेतली. तिला घराची किल्ली आणि एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, कार्ड अडकवलं. अंघोळ झाली की ती पट्टी गळ्यात. काकू म्हणायच्या, "जानवं बदललं यांनी."

नोकरी सुटली पण सेफ्टी सुटली नाही. बल्ब बदलायला स्टुलावर कुणी चढलं तर दुसऱ्याने स्टूल धरायचं, आणि नुसतं धरून चालायचं नाही, "मी धरलंय" असं मोठ्याने म्हणायचं. गॅस बंद केला की "बंद!" असं ओरडायचं. पहिल्या आठवड्यात मी अंघोळीला गेले की स्वयंपाकघरातून "बंद!" असं ऐकू यायचं आणि मी घाईघाईने नळ बंद करायची.

सगळ्यात मोठा प्रकार सकाळच्या पोह्यांवर व्हायचा. अपघात होता होता राहिला, तर त्याला त्यांच्या धंद्यात निअर मिस म्हणतात; आणि ज्याच्या हातून तो होता होता राहिला, त्यानेच उठून तो सांगायचा असतो. कुणी पकडायचं नाही, आपण होऊन सांगायचं. काकांचं म्हणणं, कारखाने यामुळे टिकतात, यंत्रांमुळे नाही. घरातही रोज रिपोर्ट. त्याचे भाग तीन: काय झालं, चूक कोणाची, पुढच्या वेळी काय.

"काल बाल्कनीचं दार उघडं राहिलं. चूक माझी. पुढच्या वेळी झोपण्यापूर्वी कडी हाताने चाचपून बघेन."

मला आधी हा विनोद वाटला आणि मी हसले. काका थांबले, त्यांनी माझं हसून होऊ दिलं, आणि मग माझ्याकडे बघत राहिले. माझी पाळी होती. मी ओला टॉवेल पलंगावर टाकल्याचं कबूल केलं. पुढे पुढे तर रात्री झोपताना मी उद्याची चूक शोधून ठेवायला लागले. काकू मात्र दाद देत नसत. फार आग्रह झाला की त्या म्हणायच्या, "माझं लग्न झालं. चूक माझ्या वडिलांची. पुढच्या वेळी बघू." काका हे गंभीरपणे ऐकून घेत आणि पोहे पुढे सरकवत.

एकच गोष्ट त्या रिपोर्टात कधी येत नसे. मी राहत होते ती खोली त्यांच्या मुलीची होती. कपाटाच्या दाराला आतून तिने शाळेत असताना लावलेले स्टिकर तसेच होते, आणि ते काढायचे नाहीत हे मला भाडं ठरायच्या आधीच सांगण्यात आलं होतं. मुलगी कॅनडात. तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं होतं आणि लग्न लागलं ते त्याच्या गावातल्या कर्लिंग क्लबाच्या हॉलमध्ये, कारण मुलाचे वडील त्या क्लबात हा बर्फावरचा खेळ जन्मभर खेळत आलेले. काका लग्नाला गेले नाहीत. काकू एकट्या गेल्या. मुलीकडची बाजू म्हणून पैठणी नेसून एकट्याच उभ्या राहिल्या. हे सगळं काकूंनी मला तिसऱ्या का चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, अगदी शेजारच्या घरातलं सांगावं तसं.

काका तिथेच पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मला विचारलं नाही, ठीक आहे. बोलावलंही नाही. कळवलं."

"रडत फोन केला होता तिनं," काकू म्हणाल्या. "त्याला हे कळवणं म्हणतात."

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. बंद म्हणजे कसं, तेही मला नीट कळायचं नाही. फोन रोज यायचा. तो काकूंच्या हातात असायचा आणि काका त्यांना खेटून बसलेले असायचे. "तिला सांग, बर्फ पडायच्या आत टायर बदल म्हणावं." पलीकडून ती ऐकतच असायची आणि शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडून उत्तर द्यायची. "आई, बाबांना सांग, टायर ऑलरेडी बदलले लाह." काका काकूंना विचारायचे, "चारही?" असा फोन चांगला अर्धा तास चालायचा. शेवटी काकूंचा हात दुखायचा. मी एकदा म्हटलं, काकू, फोन स्पीकरवर ठेवून तुम्ही सरळ आत का निघून जात नाही? त्या म्हणाल्या, "मी उठले की हेही उठतात."

आणि अशा माणसाने एके दिवशी पोह्यांवर जाहीर केलं, की आपण कर्लिंगच्या लीगमध्ये नाव घातलं आहे.

लीग हा शब्द जरा जास्तच झाला. एका मॉलच्या वरच्या मजल्यावर स्केटिंगची रिंक आहे. रविवारी सकाळी, स्केटिंगवाली मुलं यायच्या आत, ती तासा-दोन तासांसाठी कर्लिंगला मिळायची. पाच-सहा टीम, सगळे शिकाऊ. टीमला माणसं लागतात चार. काका एक. आमच्याच ब्लॉकमधलं एक निवृत्त चिनी जोडपं, ज्यांना सगळा कॉन्डो अंकल आणि आँटी म्हणायचा, ते दोन आणि तीन. चौथी मी. मला विचारलं गेलं नाही. कळवलं गेलं.

"पण काका, कर्लिंगच का?"

"व्याह्यांचा खेळ आहे. काय आहे ते बघून ठेवलेलं बरं."

मी काकूंकडे पाहिलं. काकू ताटल्या गोळा करत म्हणाल्या, "लग्नाचा व्हिडिओ अजून बघितला नाही यांनी. पण कर्लिंगचे रात्रंदिवस बघतात."

खेळ असा आहे. बर्फाच्या एका टोकाकडून ग्रॅनाइटचा जड दगड, वर किटलीसारखी मूठ असलेला, घसरत सोडायचा. दुसऱ्या टोकाला बर्फात वर्तुळं रंगवलेली असतात, त्यांना घर म्हणतात. ज्याचा दगड घराच्या मध्याच्या सगळ्यात जवळ, त्याला गुण. दगड निघाला की टीममधले दोघे झाडू घेऊन त्याच्यापुढे बर्फ घासत पळतात. घासलं की दगड लांब जातो. का जातो, ते मला तिघांनी तीन प्रकारे समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली. घासू नका असं ओरडायचीही एक वेळ असते, ती मला शेवटपर्यंत ओळखता आली नाही. मी आपली पळायची आणि घासायची. आईला फोनवर सांगितलं, की आई, मी रविवारी पैसे भरून बर्फ झाडायला जाते. ती मग म्हणाली, "घरी कधी केरसुणीला हात लावला नाहीस."

पहिल्याच दिवशी माझा पाय झाडूला लागला. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप नमस्काराला खाली गेला, आणि पायाखाली बर्फ आहे हे मी विसरले. सपशेल आडवी झाले. वर बघते तर काकाही वाकून स्वतःच्या झाडूला नमस्कार करतायत, कारण मला सावरताना त्यांचाही पाय लागला होता. दगड तोवर आमच्याशिवायच पुढे निघून गेला होता. आँटी लांबून ओरडल्या, "व्हाय यू टू प्रेयिंग? स्वीप फर्स्ट, प्रे लेटर, लाह!"

काका बर्फावर माकडटोपी घालून खेळायचे. पुण्याहून आणलेली, तपकिरी, वर गोंडा असलेली. हे एक वेळ समजण्यासारखं आहे, पण ते ती घरातूनच घालून निघायचे. बाहेर अंगाची लाही होत असताना एमआरटीत शेजारी माकडटोपी घातलेला, गळ्यात निळी पट्टी अडकवलेला, हातात लांब झाडू धरलेला माणूस, आणि आपण त्याच्याबरोबर आहोत की नाही याचा विचार करणारी मी. "शरीराला अचानक बदल द्यायचा नाही," ते म्हणत. घामाने त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा. रिंकमध्ये शिरल्यावर मात्र थंडी वाजते म्हणून ते तीच टोपी आणखी खाली ओढायचे. मग बदल कुठला आणि सवय कसली?

प्रत्येक मॅचच्या आधी बर्फाच्या कडेला उभं राहून टूलबॉक्स मीटिंग व्हायची. कारखान्यात काम सुरू करण्यापूर्वी कामगारांना गोळा करून आज कुठला धोका आहे ते बोलतात, ती. चौघांनी एकेक धोका सांगायचा. अंकल म्हणायचे, "स्लिप." मी म्हणायची, "पडणे." आँटी नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हॅझार्ड? माय हजबंड, लाह." आणि काका हे सगळं मान डोलावून नोंदल्यासारखं करायचे.

आम्ही मॅचमागून मॅच हरलो. आँटी चांगल्या खेळायच्या, त्यांचा हात स्थिर होता, म्हणून शेवटचा दगड त्या टाकायच्या. पण आम्ही तिघं त्यांना तिथपर्यंत पोचूच द्यायचो नाही. काकांना गुडघ्यामुळे बसून दगड सोडता यायचा नाही, ते काठीने ढकलायचे. झाडताना मात्र त्यांच्या अंगात यायचं. "झाड! झाड! झाड गं!" असा त्यांचा आवाज सगळ्या रिंकमध्ये घुमायचा. महिनाभरात आँटीही "झाड, लाह, झाड!" म्हणायला लागल्या होत्या.

काकांना जिंकण्या-हरण्याचं काही दिसत नव्हतं. त्यांना त्या खेळातली एकच गोष्ट वेड लावून गेली होती. कर्लिंगमध्ये पंच नसतो. म्हणजे मोठ्या स्पर्धांत असेल, पण आमच्यासारख्यांत नाही, आणि असला तरी त्याने पकडायचं असा रिवाज नाही. चालत्या दगडाला तुमच्या झाडूचा स्पर्श झाला तर ती चूक. ती कुणाला दिसो न दिसो, ज्याचा झाडू लागला त्यानेच हात वर करून सांगायचं. दगड घराजवळ पोचलेला असताना लागला, तर त्याचं काय करायचं ते समोरचा कप्तान ठरवतो: काढून टाकायचा की राहू द्यायचा. हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी घरी आल्यावर काका दारात चपला काढताना मला म्हणाले, "मी सगळा जन्म लोकांना हेच सांगत होतो. आणि हे लोक हे गंमत म्हणून खेळतात."

माझ्या माहितीप्रमाणे त्या हंगामात शेवटच्या मॅचआधी त्यांनी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा त्यांचा झाडू दगडाला चांगला आपटला होता, आवाज आला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मग व्याही आले. ऑस्ट्रेलियात त्यांची बहीण राहायची, तिच्याकडे जाताना ते चार दिवस सिंगापूरला उतरणार होते. हे काकूंनी आणि मुलीने परस्पर ठरवलं आणि काकांना कळवलं. काका लिटल इंडियात जाऊन शाल घेऊन आले. ती परत करून दुसरी आणली. तीही बदलली. व्याही म्हणजे उंच, रुंद, लाल चेहऱ्याचे, शेतीची अवजारं विकून निवृत्त झालेले गृहस्थ. बोलणं फार थोडं. काकूंनी पुरणपोळी केली, वाटीभर तूप वाढलं. व्याह्यांनी आधी तूप वेगळं खाल्लं आणि मग पोळी. जेवताना दोघे पुरुष बर्फाविषयी बोलले. कुठला बर्फ जलद, कुठला मंद, पाण्याचे थेंब कसे शिंपडायचे. लग्नाचा ल कुणी काढला नाही. मला ते बघवेना. एक माणूस सातासमुद्रापलीकडून येऊन समोर बसला आहे, दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते घरातल्या भाडेकरूलाही ठाऊक आहे, आणि बोलणं चाललंय थेंबांवर!

काकूंनी भांडी घासताना मला सांगितलं, "मुलगी म्हणालीय, बाबा त्यांच्याशी एक शब्द नीट बोलले तर मी येते दिवाळीला. नाहीतर नाही येणार. दर वर्षी मीच किती जायचं?"

"हे काकांना माहीत आहे?"

"मी सांगितलंय. म्हणून तर तीन शाली झाल्या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि हंगामातली आमची शेवटची मॅच होती, बँकवाल्या पोरांच्या टीमशी. त्यांचा एकजण कामासाठी बाहेरगावी गेला होता. व्याही आमच्याबरोबर बघायला आले होते. त्यांना बघून त्या पोरांनी त्यांना नुसतं खेळायलाच घेतलं नाही, कप्तानच करून टाकलं. काकू काचेपलीकडे शाल मांडीवर घेऊन बसल्या. आमची टूलबॉक्स मीटिंग झाली. अंकल, "स्लिप." मी, "पडणे." आँटींनी अंकलकडे बोट केलं. काकांनी टोपीचा बंद बांधला आणि म्हणाले, "आजचा धोका मी आहे."

मग मी विचारलं, "काका, म्हणजे आज हरायचं का आपण? मुलीकडची बाजू म्हणून?"

"मुद्दाम हरलो तर तो त्यांचा अपमान."

"मग जिंकायचं?"

"व्याह्यांना हरवायचं?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले होते. मग बर्फावर उतरताना म्हणाले, "खरं खेळायचं. बास."

खरं सांगते, मला जिंकायचं होतं. एकदा तरी. व्याही काय, दिवाळी काय, मी बर्फावर उतरले की विसरले. आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, आमचे दगड घरात जायला लागले. पोरांना कप्तानाचं इंग्रजी कळत नव्हतं की कप्तानाला पोरांचं, पण त्यांचे दगड इकडेतिकडे गेले. शेवटच्या फेरीला बरोबरी होती, त्यांचा एक दगड घराच्या मध्याजवळ होता आणि शेवटचा दगड आमचा, आँटींच्या हातात.

आँटींनी सोडला. अंकल घरात उभे राहून झाडू दाखवत होते. मी आणि काका दगडाच्या दोन बाजूंना. काका ओरडले, "झाड!" मी झाडलं. जन्मात कधी तसं झाडलं नाही. घराची रेघ ओलांडली, दगड मंदावला, आमचे दोन्ही झाडू त्याच्या अगदी तोंडाशी, काकांची माकडटोपी माझ्या डोळ्यांसमोर आणि तिचा गोंडा डावीकडे उजवीकडे. दगड हळूच त्यांच्या दगडाच्या पुढे सरकला आणि बरोबर मध्यावर थांबला.

आँटींनी जी किंकाळी फोडली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असणार. मी झाडू टाकून उड्या मारल्या, दोनदा पडले. आम्ही जिंकलो होतो. आणि मग बघितलं तर काका हात वर करून उभे.

"माझा झाडू लागला," ते इंग्रजीत म्हणाले.

"व्हेअर टच?" अंकल म्हणाले. ते तीन पावलांवर होते. "आय स्टँड हिअर. आय नेव्हर सी."

"यू शुअर ऑर नॉट?" आँटी तर लांबून धावत, घसरतच आल्या. "डोन्ट अनीहाऊ से, लाह!"

मी काकांच्या समोर होते. माझ्याइतकं जवळ कुणीच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला त्या क्षणाचं एवढंच आठवत होतं, तो गोंडा. झाडू लागला होता का? आवाज आला नव्हता. दगड हलला नव्हता. पण हलकासा लागला तर आवाज कशाला येईल?

काका माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी माकडटोपी काढली. बर्फावर टोपी काढलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले. केस घामाने चिकटलेले, कान लाल. झाडू काखेत धरून ते व्याह्यांसमोर गेले, त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मराठीत म्हणाले, "काही कमी-जास्त झालं असेल, सांभाळून घ्या."

व्याह्यांना मराठीचा गंध नव्हता. मला मात्र एकदम गलबलून आलं. हे वाक्य बर्फावरचं नव्हे. मांडव परतताना मुलीचा बाप हात जोडून म्हणतो ते हे वाक्य आहे, आणि काकांना ते म्हणायचं राहून गेलं होतं. मग काका इंग्रजीत म्हणाले, "माय मिस्टेक. यू डिसाइड."

व्याह्यांनी दगडाकडे पाहिलं. मग काकांकडे.

"राहू दे तो तिथेच," ते म्हणाले. "तसाही तिथेच येणार होता." आणि त्यांनी हातमोजा काढून हात पुढे केला. मॅच संपली की उघड्या हाताने हात मिळवायचा असा त्या खेळाचा रिवाज आहे. काकांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही.

झाडू लागला होता की नाही, या प्रश्नाने मला आजवर छळलं आहे. जो माणूस ओल्या टॉवेलाचाही खरा रिपोर्ट मागतो, तो खोटी चूक सांगेल? आणि खोटी नसेल, तर नेमकी त्याच दिवशी, त्याच दगडाला, त्यांच्याचसमोर कशी झाली? दुसऱ्या दिवशी पोह्यांवर मी कान टवकारून बसले होते. काका म्हणाले, "काल बर्फावर टोपी काढली. सर्दी झाली. चूक माझी. पुढच्या वेळी काढणार नाही." आणि पोहे खायला लागले.

"आणि झाडूचं?" मी विचारलं.

"त्याचा रिपोर्ट दिला ना काल."

"पण काका, खरंच लागला होता?"

"पोहे गार होतायत," काका म्हणाले.

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या रविवारी मॅचनंतर आम्ही सगळे मॉलखालच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या हॉटेलात, जाऊन बसलो होतो. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला काहीतरी पाजायचं असतं. आम्हाला ती सवयच नव्हती, काकांना आठवण करून द्यावी लागली. ते कोपी, म्हणजे कॉफी, आणि नारळाच्या जॅमचा काया टोस्ट आणायला रांगेत उभे होते. व्याही माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसले होते, खांद्यावर शाल. काकूंनी ती काचेच्या दारातच त्यांच्या अंगावर घातली होती आणि त्यांनी ती त्या उकाड्यातही काढली नव्हती. मी संधी साधली.

"तुम्ही दगडाच्या अगदी मागेच होतात," मी म्हटलं. "तुम्हाला सगळ्यात चांगलं दिसलं असेल. झाडू लागला?"

त्यांनी विचार केला. "तो म्हणाला ना, लागला?"

"हो, पण..."

"मग लागला," ते म्हणाले. "आमच्याकडे यापुढे कुणी काही विचारत नाही."

मी आणखी गोंधळले. काका ट्रे घेऊन आले, आमच्या मधल्या खुर्चीत बसले, आणि तेवढ्यात रोजच्यासारखा फोन आला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. काकूंनी उचलला. पडद्यावर मुलगी. तिला कुणीतरी आधीच काहीतरी सांगितलं असावं, कारण ती पडद्याच्या अगदी जवळ येऊन बघत होती. काका नेहमीप्रमाणे खुर्ची काकूंकडे सरकवून म्हणाले, "तिला सांग, व्याही फार..."

काकूंनी दोन्ही हातांत कोपीचे दोन भरलेले कप उचलले. "माझे हात भरलेत," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा." फोन टेबलावर पडायला आला, काकांनी तो झेलला.

आता फोन त्यांच्या हातात होता. ते उठले असते, पण एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला मी, मागे भिंत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना बोलायची एकच रीत येत होती.

"लग्नाला आलो नाही," ते म्हणाले. "चूक माझी. पुढच्या वेळी..."

आणि अडकले. मी त्यांना रिपोर्ट देताना अडकलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिसरा भाग येईचना. आँटी आणि अंकल यांना शब्दही कळत नव्हता, पण तेही टोस्ट हातात तसाच धरून थांबले होते.

पलीकडे ती रडत होती की हसत होती ते मला दिसत नव्हतं. आवाज मात्र ऐकू आला, अगदी काकूंच्या वळणाचा.

"पुढच्या वेळी काय, बाबा? किती लग्नं करू मी?"

काकांनी या प्रश्नाचा खरोखर विचार केला. गळ्यातली निळी पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली.

"लग्न राहू दे," ते म्हणाले. "तू नुसतं कळव. मी येतो."